गावात राहून काम शिकताना : पहिल्या वर्षासाठी मार्गदर्शक

शिक्षण पूर्ण करून, किंवा शिक्षणाच्या मध्येच काही काळ मोकळा करून, खेड्यात, पाड्यावर अथवा तांड्यावर राहून सामाजिक काम करू इच्छिणाऱ्या तरुण-तरुणींसाठी हा लेख आहे. शहरात वाढलेल्यांना तो जितका उपयोगी पडेल तितकाच स्वतःच्या तालुक्यातल्या दुसऱ्या गावात काम करायला निघालेल्यांनाही पडेल, कारण आपल्या गावापासून दहा कोसांवरचे गावही आपल्याला बहुधा ठाऊक नसते.

महाराष्ट्रात या वाटेने गेलेल्यांची परंपरा जुनी आहे. बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथ येथे १९६७ मध्ये तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली. २४ सप्टेंबर १९६९ रोजी देशातल्या ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. डॉ. अभय व राणी बंग यांनी २००६ पासून ‘निर्माण’च्या शिबिरांतून तरुणांना सामाजिक प्रश्नांकडे वळवले. या सगळ्यांत मला सर्वांत शिकण्यासारखे वाटते ते १९७२ च्या सुमाराचे शहादा. तेव्हा धुळे जिल्ह्यात आणि आज नंदुरबार जिल्ह्यात असलेल्या या तालुक्यात पुण्या-मुंबईकडचे सुशिक्षित तरुण गेले, तेव्हा अंबरसिंग सुरतवंती हा भिल्ल समाजातला कार्यकर्ता तिथे आधीपासून लोकांना संघटित करत होता. बाहेरून आलेल्यांनी त्याच्यासोबत काम केले, श्रमिक संघटना उभी राहिली आणि जमिनीचे व मजुरीचे प्रश्न धसास लागले. पुढे त्याच चळवळीतल्या आदिवासी स्त्रियांनी दारूचा आणि नवऱ्याच्या मारहाणीचा प्रश्न स्वतः पुढे आणला व गावोगावचे दारूचे गुत्ते बंद पाडले. बाहेरून आलेल्या कोणाच्याही कार्यक्रमपत्रिकेत हा विषय सुरुवातीला नव्हता. गावात राहण्याचा खरा उपयोग तिथे दिसतो : जो प्रश्न आपल्याला सुचलाच नसता, तो गावाकडून ऐकू यावा आणि त्याची सूत्रेही गावाकडेच राहावीत. पुढची प्रत्येक पायरी याच विचाराने मांडली आहे.

पहिली पायरी : किती काळ आणि कोणाबरोबर

राष्ट्रीय सेवा योजनेचे विशेष शिबिर सात दिवसांचे असते. गावाची तोंडओळख व्हायला, अंगमेहनतीची सवय लागायला आणि आपल्याला हे जमेल का हे तपासायला तेवढे दिवस पुरतात. गावातल्या एखाद्या प्रश्नाला हात घालायचा असेल तर मात्र किमान एक शेतीवर्ष तिथे काढावे, म्हणजे पेरणीपासून पुढच्या उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत. गाव ऋतूगणिक बदलते. पावसाळ्यात भरलेले दिसणारे बीड जिल्ह्यातले गाव दिवाळीनंतर ऊसतोडीला निघून जाते आणि मागे म्हातारी माणसे व काही शाळकरी मुले उरतात. मेळघाटातली कामासाठी बाहेर गेलेली कोरकू कुटुंबे होळीला परततात. गडचिरोलीत मार्च-एप्रिलमध्ये पहाटेपासून माणसे मोहफुले वेचायला गेलेली असतात आणि मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या हंगामात गावात सभा बोलावली तर तिला कोणी येत नाही. यांपैकी एकाच ऋतूत गाव पाहिलेल्याने गावाविषयी ठाम मत बनवू नये.

एकट्याने अनोळखी गावात जाऊन राहण्यापेक्षा त्या भागात काही वर्षे काम केलेल्या संस्थेच्या किंवा संघटनेच्या आधाराने जाणे शहाणपणाचे असते. निवड करताना संस्थेचा अहवाल वाचावा आणि त्याबरोबर चार साधे प्रश्न विचारावेत. संस्थेचे किती कार्यकर्ते त्याच तालुक्यातले आहेत? आपल्याला मार्गदर्शन करणारी व्यक्ती महिन्यातून किती वेळा गावात येते? मानधन आणि राहण्याचा खर्च कोण देणार? लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती आहे का? दहा किंवा अधिक माणसे काम करत असलेल्या प्रत्येक ठिकाणी अशी समिती असणे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. हा प्रश्न विचारल्यावर ज्या संस्थेला संकोच वाटतो, तिच्याबरोबर जाण्याआधी पुन्हा विचार करावा.

दुसरी पायरी : जाण्यापूर्वीचा अभ्यास

जनगणनेची गावनिहाय माहिती, तालुक्याचा नकाशा आणि ग्रामपंचायतीचा विकास आराखडा या तीन गोष्टी घरबसल्या पाहता येतात. ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमाखाली प्रत्येक ग्रामपंचायत आपला आराखडा तयार करते. तो वाचताना कोणत्या वस्तीसाठी कोणते काम धरले आहे याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण गावात गेल्यावर त्याच कामांच्या जागा प्रत्यक्ष पाहायच्या आहेत.

गाव अनुसूचित क्षेत्रात येते का, हेही आधीच पाहून ठेवावे. महाराष्ट्रातल्या तेरा जिल्ह्यांचे काही भाग या क्षेत्रात मोडतात आणि तिथे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा व त्याखाली राज्याने २०१४ मध्ये केलेले नियम लागू होतात. या नियमांनुसार एखादा पाडाही स्वतःला गाव म्हणून जाहीर करून घेऊ शकतो आणि स्वतःची ग्रामसभा भरवू शकतो. जंगलाला लागून असलेल्या गावात वनहक्क कायदा, २००६ ची तोंडओळख नसेल तर लोकांचे निम्मे बोलणे आपल्या डोक्यावरून जाते. वैयक्तिक दावा, सामूहिक दावा, वनहक्क समिती, उपविभागीय समिती हे शब्द तिथे रोजच्या गप्पांत येतात.

भाषेची तयारी सर्वांत जास्त टाळली जाते. गोंडी, माडिया, कोरकू, भिली, पावरी किंवा कातकरी बोलणाऱ्या घरांत म्हाताऱ्या स्त्रियांशी प्रमाण मराठीत संवाद होत नाही, आणि दुभाष्या म्हणून सोबत येणारा तरुण त्यांचे बोलणे आपल्याला आवडेल असे करून सांगतो. पहिल्या महिन्यात नमस्कार, नाती, खाणेपिणे, शेतीची अवजारे, आजार आणि ‘समजले नाही, पुन्हा सांगा’ एवढे तरी त्या भाषेत यायला हवे. मराठीच बोलणाऱ्या गावांतही शब्द वेगळे असतात. भाताची जी लागवड ठाणे-नाशिककडे आवणी असते, तिला पूर्व विदर्भात रोवणी म्हणतात. हे शब्द लिहून घेत जावे आणि चार दिवसांनी स्वतः वापरून पाहावेत.

तिसरी पायरी : गावात प्रवेश

पहिल्याच दिवशी सरपंच, ग्रामसेवक (आता यांचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे) आणि पोलीस पाटील यांना भेटून आपण कोण, कोणत्या संस्थेकडून आणि किती दिवसांसाठी आलो, हे सांगावे व संस्थेचे पत्र ग्रामपंचायतीत देऊन त्याची पोच घ्यावी. ही केवळ औपचारिकता नव्हे. गावात अनोळखी माणूस आला की त्याच्याविषयी तर्क सुरू होतात, आणि सर्वेक्षणासाठी आलेला, कर्ज देणारा, धर्मप्रसार करणारा किंवा निवडणुकीची चाचपणी करणारा असे जे तर्क पहिल्या आठवड्यात रुजतात ते वर्षभर पुसले जात नाहीत. जवळच्या ग्रामसभेत दोन मिनिटे उभे राहून हेच पुन्हा सांगावे. तिथे कोणतेही आश्वासन देऊ नये. ‘काही योजना आणली का?’ असे कोणीतरी विचारतेच, आणि त्याला ‘नाही, मी शिकायला आलो आहे, काही करता आले तर तुमच्याशी बोलूनच करीन’ एवढे उत्तर पुरेसे असते.

कुठे राहायचे, हा वाटतो त्यापेक्षा मोठा निर्णय आहे. गावात प्रत्येक घर कुठल्या तरी आळीत, कुठल्या तरी जातीच्या वस्तीत आणि बहुधा कुठल्या तरी पॅनेलच्या बाजूचे असते. सरपंचांच्या वाड्यातली खोली सोयीची असली तरी तिथे राहणाऱ्याकडे दलित वस्तीतली किंवा पाड्यावरची बाई मोकळेपणाने येणार नाही. शाळेजवळची भाड्याची खोली, संस्थेचे केंद्र किंवा दोन वस्त्यांच्या मधले एखादे घर अधिक योग्य ठरते. पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक वस्तीत किमान एकदा पाणी प्यावे व जेवावे. आपण कोणाच्या घरचे पाणी घेतो याकडे गाव बारकाईने पाहत असते, आणि यातून आपली भूमिका शंभर भाषणांपेक्षा स्पष्ट होते. त्यावरून कोणी टोकले तर वाद घालत बसू नये. शांतपणे तेच करत राहावे.

जेवणाचे पैसे ठरवून द्यावेत. पाहुणचार आनंदाने घ्यावा, पण महिनोन्महिने कोणाच्या घरावर भार होऊ नये. त्याचप्रमाणे कपडे, खाऊ, वह्या वाटण्याचा मोह टाळावा आणि उसने पैसे देऊ नयेत. एकदा वाटप झाले की पुढची प्रत्येक भेट त्याच अपेक्षेच्या सावटाखाली होते आणि खरे बोलणे थांबते.

चौथी पायरी : पहिले तीन महिने ऐकण्यासाठी

नव्याने आलेल्या उत्साही तरुणाला हे तीन महिने फार जड जातात, कारण ‘काय केलेस?’ या घरच्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसते. तरीही मी आग्रहाने सांगेन की या काळात कोणताही उपक्रम सुरू करू नये. वाचनालय, संगणक वर्ग, वृक्षारोपण यांपैकी जे काही सुरू होते ते आपल्या आवडीचे असते, आणि एकदा त्यात अडकले की गाव पाहायला सवड राहत नाही.

ऐकणे म्हणजे प्रश्नावली घेऊन दारोदार फिरणे नव्हे. माणसे काम करतात तिथे जावे आणि झेपेल तेवढे काम आपणही करावे. रोवणीच्या चिखलात उभे राहून, कापूस वेचताना, हापशावर पाण्याच्या रांगेत, रेशन दुकानासमोर ताटकळताना किंवा एसटीची वाट पाहताना माणसे आपणहून बोलतात. स्त्रियांची मोकळी वेळ पुरुषांच्या वेळेपेक्षा वेगळी असते. पारावरची बैठक रात्री आठला भरते तेव्हा त्या चुलीपाशी असतात, म्हणून पारावर ऐकलेले गावाचे मत धरू नये. मुलींशी, नव्या सुनांशी आणि एकट्या राहणाऱ्या स्त्रियांशी बोलायला तरुण पुरुष कार्यकर्त्याने एकट्याने जाऊ नये. आशाताई किंवा अंगणवाडीसेविका यांच्यासोबत जावे, आणि अशा बैठका सहकारी स्त्री कार्यकर्तीने घेणे सर्वांत बरे.

न विचारल्यामुळे काय दडून राहते, याचे मोठे उदाहरण गडचिरोलीतच आहे. डॉ. राणी व अभय बंग १९८६ मध्ये त्या जिल्ह्यात आले, तेव्हा ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा विचार बाळंतपण आणि कुटुंबनियोजन यांपलीकडे फारसा होत नसे. त्यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग असल्याचे आढळले, आणि त्यांच्यापैकी जेमतेम ८ टक्के स्त्रियांची अशी तपासणी पूर्वी कधी झाली होती. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने स्त्रियांच्या आरोग्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली. हे दुखणे सोसणाऱ्या स्त्रिया गावातच होत्या. विश्वासाने विचारणारे आणि तपासणारे माणूस तिथे पोहोचले नव्हते.

पहिल्या तीन महिन्यांत सोबत ठेवण्याजोगे साधन म्हणजे रोजनिशी. दिवसभर खिशात छोटी वही असावी, पण बोलणाऱ्यासमोर ती सतत उघडू नये. रात्री खोलीवर आल्यावर लिहावे. काय पाहिले, कोणी काय म्हटले आणि त्यावर मला काय वाटले, हे तीन भाग वेगवेगळे लिहिण्याची शिस्त ठेवली तर आपले मत आणि गावाचे मत यांची सरमिसळ होत नाही. वहीत व्यसन, आजार, कौटुंबिक भांडणे यांविषयी नोंदी असतील तर खरी नावे लिहू नयेत. छायाचित्र विचारल्याशिवाय काढू नये, आणि कुपोषित मुलाचे किंवा रडणाऱ्या बाईचे छायाचित्र तर समाजमाध्यमांवर कधीच टाकू नये. त्या मुलाला उद्या त्याच गावात मोठे व्हायचे आहे.

पाचवी पायरी : शिवार फेरी, नकाशा आणि माणसांची यादी

दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस गावातल्या चार-पाच जणांबरोबर शिवार फेरी करावी. गावठाणापासून हद्दीपर्यंत चालत जाऊन ओढे, विहिरी, गायरान, पडीक जमीन, बांध, स्मशानभूमी आणि वाटेतल्या वस्त्या पाहाव्यात. त्यानंतर मोकळ्या जागेत रांगोळी किंवा खडूने गावाचा नकाशा लोकांकडूनच काढून घ्यावा. पुरुषांनी काढलेल्या नकाशात मंदिर, पंचायत आणि रस्ते ठळक येतात. स्त्रियांच्या नकाशात पाण्याच्या जागा, सरपणाची वाट आणि अंधारात जायला भीती वाटते ते वळण दिसते. दोन्ही वेगवेगळे काढून घेऊन मग शेजारी शेजारी ठेवावेत. कोणत्या महिन्यात मजुरी मिळते, कधी धान्य संपते, कधी कर्ज काढावे लागते आणि कधी आजार वाढतात, याची बारा महिन्यांची दिनदर्शिकाही याच पद्धतीने तयार होते.

मुख्य गावापासून दूर असलेली वस्ती नकाशात आली आहे का, हे मुद्दाम तपासावे. पारधी कुटुंबांची पालं, धनगरांचा वाडा, कातकरी वाडी, शेतातल्या सालगड्याची झोपडी ही घरे गावातल्याच माणसांच्या नजरेतून निसटतात.

याच काळात गावपातळीवरच्या माणसांची कामे समजून घ्यावीत. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) जमिनीच्या नोंदी ठेवतात. रोजगार सेवक कामाच्या मागणीचे अर्ज घेतो. आशा नवजात बाळाच्या घरभेटी करते. अंगणवाडीत दरमहा मुलांचे वजन होते. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात. बचत गटांच्या पातळीवर ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या समुदाय संसाधन व्यक्ती काम करतात. यांतल्या प्रत्येकाबरोबर एक पूर्ण दिवस काढला तर शासन गावात कसे चालते याचे इतके चांगले शिक्षण कुठल्याही वर्गात मिळत नाही. ही माणसे आपली स्पर्धक नव्हेत. थकलेल्या आशाताईंच्या नोंदवह्या एका दुपारी बसून पूर्ण करायला मदत केली, तर त्या आपल्याला गावाचे जे दर्शन घडवतात ते दुसरे कोणी घडवू शकत नाही.

सहावी पायरी : प्रश्न कोणाचा, निर्णय कोणाचा

साधारण चौथ्या महिन्यात जे पाहिले ते गावासमोर ठेवावे. अहवाल संस्थेला पाठवण्याआधी तो गावाने ऐकला पाहिजे. प्रत्येक वस्तीत छोटी बैठक घेऊन आपली निरीक्षणे सांगावीत, चुकीचे असेल ते दुरुस्त करून घ्यावे आणि यांपैकी कशावर एकत्र काम करता येईल हे विचारावे. गाडगेबाबा गावात आल्यावर आधी हातात खराटा घेत आणि रात्रीच्या कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तरे काढत. बैठक चालवणाऱ्याने हे तंत्र मनापासून शिकावे. उत्तर आपल्याला ठाऊक असले तरी ते लोकांकडून येईपर्यंत थांबण्याचा संयम लागतो.

माहिती देणे आणि निर्णय घेणे यांत फरक कसा राखावा, हे गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाकडून शिकण्याजोगे आहे. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा सर्वश्रुत आहे. तिच्यामागची रीत मात्र फारशी सांगितली जात नाही. तिथे अभ्यासगट आणि ग्रामसभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अभ्यासगटात बाहेरचे जाणकार येऊ शकतात, माहिती देऊ शकतात, चर्चा करू शकतात. निर्णय ग्रामसभा घेते आणि तो बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेते. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे कार्यकर्ते वर्षानुवर्षे या गावाबरोबर राहिले ते अभ्यासाचे सोबती म्हणून. याच वाटेने मेंढ्याला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. नव्याने आलेल्या कार्यकर्त्याने स्वतःची जागा अभ्यासगटात आहे हे कायम ध्यानात ठेवावे. आपल्याला पटलेला मुद्दा ग्रामसभेने बाजूला ठेवला तर तो पुन्हा अभ्यासासाठी आणता येतो. आडवाटेने मंजूर करून घेऊ नये.

याचा अर्थ गाव म्हणेल ते सगळे निमूट मान्य करावे, असा नाही. बालविवाह, जातीवरून बहिष्कार, डाकीण ठरवून एखाद्या स्त्रीचा छळ अशा गोष्टींत गावाची सहमती हा निकष होऊ शकत नाही. तिथे कायदा आणि पीडित माणसाची सुरक्षितता आधी येते. अशा वेळी एकट्याने पुढे न होता संस्थेला, बालकल्याण समितीला किंवा पोलिसांना कळवावे, आणि बालकांच्या बाबतीत १०९८ हा क्रमांक लक्षात ठेवावा.

पहिला प्रश्न निवडताना तो लहान, सर्वांना दिसणारा आणि चार-सहा महिन्यांत काही हाती लागेल असा असावा. नादुरुस्त हापसा, रेशनकार्डातली राहून गेलेली नावे, अंगणवाडीची गळकी खोली किंवा पाड्यापर्यंत न येणारी एसटी असे प्रश्न वरवर किरकोळ वाटतात. ते सोडवताना मात्र लोक एकत्र बसतात, अर्ज लिहितात, कचेरीत उभे राहून बोलतात, आणि पुढच्या मोठ्या प्रश्नासाठी लागणारा आत्मविश्वास त्यातूनच येतो.

सातवी पायरी : कागद

तोंडी तक्रारीला कचेरीत किंमत नसते. प्रत्येक अर्ज दोन प्रतींत लिहावा, एकीवर आवक क्रमांक, शिक्का व तारीख घ्यावी आणि ती प्रत अर्जदाराने स्वतःच्या घरी जपून ठेवावी. रोजगार हमीच्या कामाची मागणी, दाखले, शिधापत्रिका या सगळ्यांना हा नियम लागू आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार नागरिकाचा हक्क आहे आणि प्रत्येक सेवेची मुदत कार्यालयात लावलेली असायला हवी.

माहितीचा अधिकार, २००५ चा वापर जपून आणि नेमका करावा. अर्जाचे शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते माफ. उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण १५० शब्दांत. त्याआधी ग्रामपंचायतीत जाऊन कागद पाहायला मागावेत, कारण पुष्कळदा तेवढ्यानेच काम होते आणि संबंध बिघडत नाहीत. अर्ज करायचाच झाला तर तो गावातल्या माणसाच्या नावाने, त्याच्या पूर्ण समजुतीने आणि शक्यतो तीन-चार जणांनी मिळून करावा. बाहेरून आलेला कार्यकर्ता निघून जातो, पण राग मागे राहणाऱ्यावर निघतो. धोका त्याला पत्करायचा असल्याने निर्णयही त्याचाच असावा.

ग्रामसभेचा ठराव हा सर्वांत बळकट कागद होय. बिगर-पेसा गावांत गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे मतदार हजर असावे लागतात. नियमित ग्रामसभेआधी स्त्रियांची स्वतंत्र सभा घेण्याचीही तरतूद आहे. अनेक गावांत ती केवळ वहीत भरते. ती खरोखर भरावी, तिचा विषय स्त्रियांनी ठरवावा आणि तिचा ठराव मुख्य ग्रामसभेत वाचला जावा, एवढे एकच काम वर्षभरात झाले तरी मी ते वर्ष सार्थकी लागले असे म्हणेन.

आठवी पायरी : गावातले तरुण

बाहेरून आलेला तरुण आणि गावातला तरुण यांच्यात गावाला टिकाऊ उपयोग दुसऱ्याचा. तो पारावर मोबाइल पाहत बसलेला दिसतो म्हणून त्याला गावाचे सोयरसुतक नाही असे समजू नये. स्पर्धा परीक्षेची तयारी, न मिळणारी नोकरी, न जुळणारे लग्न यांच्या ओझ्याखाली तो असतो. त्याला स्वयंसेवक म्हणून सतरंज्या घालायला बोलावण्याऐवजी नकाशा काढण्यात, ठरावाचा मसुदा लिहिण्यात, तालुक्याला जाऊन अधिकाऱ्यांशी बोलण्यात सहभागी करावे. मुलींसाठी बैठक दिवसा आणि वस्तीतच ठेवावी, म्हणजे घरून परवानगी मिळते.

बंग दाम्पत्याच्या गडचिरोलीतल्या ‘सर्च’ या संस्थेने नवजात बालकांच्या घरोघरच्या सेवेसाठी ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाच्या निष्कर्षांत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. डॉक्टर नसलेल्या, थोडे शिकलेल्या स्त्रियांच्या हातून हे घडले, कारण त्या बाळाच्या घराजवळ राहत होत्या आणि मध्यरात्रीही पोहोचू शकत होत्या. कोणतेही कौशल्य आपल्याकडेच ठेवले तर ते आपल्या सुटीच्या दिवशी बंद पडते. म्हणून महिन्याअखेरीस पाहावे, की या महिन्यात मी करत होतो त्यांतली कोणती गोष्ट आता गावातले कोणीतरी करू लागले आहे.

निवडणुकीच्या काळात मात्र अंतर ठेवावे. आपल्याबरोबर काम करणारा एखादा तरुण पॅनेलमधून उभा राहिला तर आनंदच आहे, पण आपण प्रचारात दिसू नये.

आरोग्य, सुरक्षितता आणि मन

मच्छरदाणी, टॉर्च, नेहमीची औषधे आणि पाणी उकळण्याची सोय सोबत असावी. हिवतापाच्या भागात ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. सर्पदंशावर प्रतिविष कोणत्या दवाखान्यात मिळते आणि रात्री वाहन कोणाकडे असते, हे पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवावे. मुलींनी खोलीला आतून पक्की कडी आहे का हे पाहिल्याशिवाय राहण्याची जागा पत्करू नये, आणि जागेविषयी मनात शंका आली तर कारण देत न बसता ती बदलावी. सहा-सात महिन्यांनी एकटेपणा आणि ‘माझ्याने काहीच होत नाही’ ही भावना बहुतेकांना गाठते. अशा वेळी चार दिवस घरी जाऊन यावे, मार्गदर्शकाशी मोकळेपणाने बोलावे, आणि दुसऱ्या गावात काम करणाऱ्या मित्राकडे दोन रात्री राहावे.

शेवटची पायरी : निघणे

निघण्याची तयारी दोन महिने आधी सुरू करावी. जाण्याची तारीख गावाला स्पष्ट सांगावी. चालू असलेल्या प्रत्येक कामापुढे गावातल्या दोन व्यक्तींची नावे यावीत, आणि शेवटच्या सहा आठवड्यांत बैठका त्यांनीच चालवाव्यात; आपण मागे बसावे. प्रलंबित अर्जांची यादी तारीख, आवक क्रमांक आणि पुढे कोणत्या दिवशी कोणाकडे जायचे या तपशिलासह मराठीत तयार करावी. नकाशे, दिनदर्शिका, ठरावांच्या प्रती यांचा एक संच ग्रामपंचायतीत आणि दुसरा बचत गटाकडे किंवा युवक मंडळाकडे ठेवावा. खासगी नोंदी असलेली रोजनिशी त्यात देऊ नये.

ज्या कुटुंबात जेवलो त्यांचा हिशेब चुकता करावा, आशाताईंपासून कोतवालापर्यंत सर्वांचा निरोप घ्यावा. त्यानंतर पहिले सहा महिने ठरलेल्या दिवशी फोन करून यादीतल्या अर्जांची चौकशी करावी, आणि कचेरीतले एखादे काम अडले असेल तर अर्जदाराला पुढचे अपील कुठे व किती दिवसांत करायचे ते सांगावे. अर्ज मात्र त्यालाच लिहू द्यावा.